चिमटा लावलेली टाकी

आमच्या गल्लीच्या टोकाला खाऱ्या पाण्यातल्या माशांचं दुकान आहे. खाली दुकान, वर घर. पाटीचा रंग उन्हाने उडून गेला आहे. एका माशाची शेपटी तेवढी उरली आहे, पण तिच्यावाचून कुणाचं अडत नाही. नवख्या माणसाने विचारलं की गल्लीतलं कुणीही हात लांब करून सांगतं, "तात्यांकडे ना? सरळ जा, आणि घाई असेल तर जाऊच नका."

तात्या उंच होते, पण टाक्यांवर ओणवं होऊन होऊन खांद्यात वाकले होते. त्यांच्या सगळ्या शर्टांच्या बाह्या कोपरापर्यंत मिठाने पांढऱ्या पडलेल्या असत. बोटांची टोकं कायम सुरकुतलेली, नुकतीच अंघोळ करून आल्यासारखी. खाऱ्या पाण्यात आयुष्य घालवलेल्या या माणसाला पोहता मात्र येत नव्हतं. समुद्रावर न्यायचं मुलांनी एकदा फार मनावर घेतलं, तर म्हणाले, "मी पडलो दोनशे लिटरांचा माणूस. तिथलं एवढं पाणी तपासत कोण बसणार?"

मासे विकण्यात त्यांना रस नव्हता. गिऱ्हाइकाला ते इतके प्रश्न विचारत की निम्मे लोक उठून जात. एक बाई सोफ्याला शोभेल असा पिवळा मासा मागायला आल्या होत्या. तात्यांनी त्यांना रस्त्यापलीकडच्या पडद्यांच्या दुकानात पाठवलं. त्यांचं नाव झालं होतं ते मेलेल्या माशांमुळे. कुणाच्या टाकीत अचानक मासे मरू लागले की लोक डब्यात, पिशवीत, कधी रुमालात गुंडाळून मेलेला मासा घेऊन येत. तात्या तो पांढऱ्या बशीत ठेवत, कल्ला उचलत, त्याचा इवलासा तुकडा काचेवर पसरत आणि आमच्या शाळेने मोडीत काढलेल्या सूक्ष्मदर्शकाला डोळा लावत. ते चालू असताना विचारपूस चाले. "मेला कधी ते नका सांगू. जिवंत असताना शेवटचं काय करत होता ते सांगा." "घरात रंगकाम काढलंय? झुरळांचं औषध मारलं?" आणि मग त्यांचं ठरलेलं वाक्य येई: "सगळे एकदम गेले तर पाण्याकडे बघायचं. एकामागून एक गेले तर अंगाकडे बघायचं."

कारण कळल्याशिवाय मेलेला मासा टाकायचा नाही, असा त्यांचा नियम होता. एकदा मी म्हटलं, "तात्या, गेला तो गेला. आता कारण कळून त्याला काय फायदा?" ते माझ्याकडे मुख्याध्यापकांनी बघावं तसं बघत राहिले. म्हणाले, "बाई, एखादं पोर नापास झालं तर तुम्ही पेपर न बघता फाडून टाकता?"

त्यांची मुलगी माझी विद्यार्थिनी. वर्गात ती शेवटच्या बाकावर बसे आणि बाह्यांना मीठ लागलेलं असे म्हणून मुली तिला खारी म्हणत. ती रडत नसे. "खारीच आहे मी, चाटून बघ," असं उलट सुनावत असे. पुढे तिने दुसरी नोकरी शोधलीच नाही. आई गेल्यावर तर दुकान आणि तात्या हे दोन्ही तिच्याकडेच आले. गल्ली तिला आता ताई म्हणते. मीही ताईच म्हणते. आपण शिकवलेल्या मुलीचे केस पिकू लागले की नावाने हाक मारायला जीभ वळत नाही.

माशांच्या अंगावरचे किडे मारायला तात्या तांब्याचं औषध वापरत. हे औषध मी त्यांच्याकडूनच समजून घेतलं. ते कमी पडलं तर किडा मरत नाही आणि जास्त झालं तर मासा राहत नाही. या दोन्हींच्या मधली वाट फार चिंचोळी असते. शिवाय प्रवाळ, शंख, कोळंबी यांच्यासाठी तर ते विषच. म्हणून मोठ्या टाकीत ते कधीच घालायचं नाही. आजारी मासा काढून वेगळ्या, उघड्याबोडक्या टाकीत ठेवायचा. तळाला वाळू नाही, दगड नाही, लपायला पाइपाचा एक तुकडा तेवढा. या टाकीला ते दवाखाना म्हणत. नव्या माशांसाठी आणखी एक टाकी होती, पाहुण्यांची. नवा मासा कितीही टवटवीत दिसला तरी काही आठवडे पाहुणाच. त्याला घरात घ्यायचं नाही.

औषध घातलं की दवाखान्याच्या काठाला कपडे वाळत घालायचा चिमटा लावायचा, ही तात्यांचीच पद्धत. चिमटा आहे म्हणजे औषध पडलेलं आहे, आता कुणी हात लावू नये. पाणी बदलायला किंवा तपासायला घेतलं की तोच चिमटा काढून शर्टाच्या कॉलरला लावायचा, म्हणजे तो कुठे विसरत नाही, आणि काम झालं की परत काठाला. बापलेक दोघं एकाच टाक्यांवर काम करायचे, त्यामुळे बोलण्याची गरजच पडत नसे. कॉलरला चिमटा लावलेले तात्या दिसले की गल्लीतली माणसं बाहेरूनच मागे फिरत. "डॉक्टर ऑपरेशनला बसलेत."

मग तात्या विसरू लागले.

सुरुवातीला आम्ही हसलो, हे खरं. मी निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती आणि ते मला विचारत, "आज शाळा लवकर सुटली वाटतं?" मीही म्हणायची, "हो, इन्स्पेक्टर आले नाहीत." एकदा ते एका पायात स्वतःची आणि एका पायात ताईची चप्पल घालून बाजारात जाऊन आले आणि आल्यावर म्हणाले की रस्ता एका बाजूला उतरता झाला आहे. पुढे ते एकाच टाकीला पुन्हा पुन्हा खाणं घालू लागले. ताईने खाण्याचे डबे वर नेऊन ठेवले. हसू कमी होत गेलं. एके दिवशी त्यांनी ताईला विचारलं, "तुझी आई अजून खाली कशी आली नाही?" ताई म्हणाली, "येईल." आणि मागच्या खोलीत जाऊन तिने सगळे पंप धुवायला काढले.

पण हात विसरले नव्हते. कल्ल्याचा तुकडा घ्यायचा झाला तर त्यांचं बोट थरथरत नसे. काचेतून बघून ते पूर्वीसारखंच सांगत, "हा ठिपक्यांचा किडा आहे, याला घाई नाही. आधी तुम्ही पाणी प्या."

ताईचा थोरला भाऊ, आमचा दादा, दुसऱ्या शहरात असतो. मुलगा वाईट नाही. त्याचा फोन आला की ताई स्पीकर लावून काचा पुसत बोले, त्यामुळे मला दोन्ही बाजू ऐकू येत.

"मी नेतो त्यांना. इथं लिफ्ट आहे, बघायला माणूस ठेवतो."

"तिथं ते दिवसभर काय करतील?"

"काय करायचंय? आराम करतील."

"तात्यांना आराम ही शिक्षा आहे. त्यांना उन्हात उभं कर एक वेळ, पण आराम नको देऊस."

"तू हसण्यावारी नेतेस. दुकानात वीज आहे, पाणी आहे, औषधं आहेत. उद्या काहीतरी करून बसतील."

ताई पुसायची थांबली. "दादा, ते मला आईच्या नावाने हाक मारतात, तुला तर कधीकधी ओळखतच नाहीत. पण बशीत मासा ठेवला की ते पुन्हा तात्या होतात. ते मी कसं बंद करू? एक गडबड होऊ दे त्यांच्या हातून, एकच. मग मी स्वतः बॅग भरून देईन."

"बघ हं. शब्द दिलास."

"दिला."

हा शब्द तिने फार घाईने दिला असं मला तेव्हाच वाटलं होतं.

मोठ्या टाकीत एक मासा होता. निळ्या अंगावर पिवळ्या रेघा, डोळ्यांवरून काळी पट्टी. ताई शाळेत असताना तो आला, तेव्हा बिस्किटाएवढा होता आणि अंगावर रेघांऐवजी पांढरी वर्तुळं होती. हे मासे वयात येताना रंग पार बदलतात. तात्या त्याला थोरला म्हणत. सकाळी दुकान उघडलं की आधी काचेला बोट लावून, "काय थोरले, झोप झाली?" मग चहा. एवढ्या वर्षांत त्याला विकत मागणारे किती आले. तात्या म्हणत, "मुलगी मागा, विचार करतो. हा नाही."

एका सकाळी मी गेले तर ताई मोठ्या टाकीसमोर गुडघ्यांवर बसलेली. एक पिवळा मासा तळाला आडवा पडला होता. बाकीचे पंपाच्या धारेत तोंड घालून धापा टाकत होते. थोरलाही त्यांच्यातच. ताईने टॉर्च तिरपा धरला. त्याच्या अंगावर बारीक भुकटी दिसली, पिठासारखी, पण सोनेरी.

"तात्या!" तिने हाक मारली. "खाली या."

तात्या आले. त्यांनी कुणाला काही विचारलं नाही. मेलेला मासा बशीत घेतला, तुकडा काढला, सूक्ष्मदर्शकात पाहिलं. "सोनेरी धूळ," ते म्हणाले. "ठिपक्यांचा किडा वेळ देतो, हा देत नाही. आधी कल्ले खातो. सगळ्यांना बाहेर काढ, आत्ता."

मग ताईची नजर पाहुण्यांच्या टाकीकडे गेली. ती रिकामी होती. आदल्या दिवशी तिथे एक नवा मासा होता, आणि आता तो मोठ्या टाकीत, दगडामागे, मरून पडलेला दिसत होता.

"तात्या, पाहुण्याला इकडे कुणी आणलं?"

तात्यांनी रिकाम्या टाकीकडे पाहिलं. "एकटाच होता गं बिचारा," ते म्हणाले. "भिंतीकडे तोंड करून बसला होता." आणि ते पुन्हा काचेला डोळा लावून बसले.

उभा जन्म ज्याने लोकांना पाहुणा घरात घेऊ नका म्हणून शिकवलं, त्यानेच हे केलं होतं. ताईने माझ्याकडे बघून मान हलवली, जरा जोरात. दादाला सांगायचं नाही, हे मला कळलं.

थोरल्याला पकडण्याचं काम तात्यांनी केलं. त्याच्या गालावर काटा असतो. तो जाळ्यात अडकतो, म्हणून जाळं चालत नाही. तात्यांनी पाण्यात काचेचा डबा धरला आणि दुसऱ्या हाताने दगड एकेक करून बाजूला सरकवत गेले. पाणी गढूळ झालं, ताईचा धीर सुटत चालला, पण तात्या तोंडाने "या, या थोरले, घाई नाही," म्हणत राहिले. शेवटी मासा आपल्या पायांनी यावा तसा डब्यात आला. त्याला आधी थोडा वेळ गोड्या पाण्यात धरलं, म्हणजे अंगावरचे किडे फुटून गळतात, आणि मग दवाखान्यात सोडलं. औषध ताईने मोजून घातलं. लाल चिमटा लावला.

"बघितलंत, बाई?" ती मला म्हणाली. तिचा चेहरा कितीतरी दिवसांनी उजळला होता. "हे दादाच्या लिफ्टमध्ये होणार होतं का?"

बाकीचे मासेही बाहेर काढले, पण त्या दिवसांत ते एकामागून एक गेले. तात्यांनी प्रत्येकाला बशीत घेतलं, प्रत्येकाचं कारण तेच निघालं, आणि प्रत्येक वेळी त्यांना ते नव्याने कळलं. मोठी टाकी रिकामी झाली. किड्याला खायला मासा मिळाला नाही की तो उपाशी मरतो, म्हणून ती काही आठवडे तशीच ठेवायची होती. दिवा चालू, पंप चालू, प्रवाळ डोलतंय आणि मासा एकही नाही. दुकानात आलेली माणसं त्या टाकीसमोर आवाज खाली आणून बोलत.

थोरला मात्र सावरला. चौथ्या-पाचव्या दिवशी त्याने ताईच्या बोटातून खाणं घेतलं. याच सुमारास दादाचा फोन आला की रविवारी बघायला येतो. ताईने घर धुवून काढलं. तात्यांचे केस कापून आणले. "शर्ट मिठाचा नको," म्हणून नवा शर्ट घेतला. तात्या म्हणाले, "कुणाचं लग्न आहे?" ताई म्हणाली, "तुमचंच. मुलगा बघायला येतोय." बापलेक दोघंही हसले.

शनिवारी दुपारी डोळ्यांच्या डॉक्टरांकडून निरोप आला. तिथल्या मोठ्या टाकीचा पंप बंद पडला होता आणि ते काम ताईकडे होतं. तात्या जेवून झोपले होते. ती कुलूप न लावता गेली, कारण आत कोंडलेलं बघून ते घाबरतात. परत आली तेव्हा ते गॅलरीत बसले होते. दवाखान्याच्या काठाला चिमटा होता. ती लांबूनच बघून वर गेली.

रविवारी सकाळी मी त्यांच्याकडेच होते. दादा आला, पाया पडला. तात्या त्याला म्हणाले, "बसा, बसा, टाकी केवढी आहे तुमची?" दादाने ताईकडे पाहिलं आणि म्हणाला, "लहानच आहे, तात्या." चहा झाला. ताई म्हणाली, "चल, थोरल्याला बघ. तात्यांनी वाचवलाय त्याला." आम्ही खाली उतरलो. तात्या मागे शर्ट बदलत राहिले.

थोरला कुशीवर पडला होता. मधूनच उसळी मारायचा, काचेवर आपटायचा, पुन्हा कलंडायचा. अंगावर बुळबुळीत पांढरी साय धरली होती. ताई टाकीपर्यंत धावली आणि काठावर हात ठेवून थांबली. तिथे लावलेला चिमटा पिवळा होता. तिने लावला होता तो लाल.

"काय झालं याला?" दादाने विचारलं.

"रोग..." ताई म्हणाली. "रोग उलटला असेल. होतं कधीकधी."

पण बोलता बोलता तिने नळी ओढली, एक टोक दवाखान्यात टाकलं, दुसरं बादलीत, आणि पाणी उपसायला लागली. नव्या पाण्याचा पिंप पायाने जवळ ओढला. मी तिचे हात बघत होते. ते इतक्या घाईत होते की अर्धं पाणी फरशीवर जात होतं.

जिन्यावरून आवाज आला. "रोग असेल तर पाणी कशाला काढतेस?"

तात्या उभे होते. नवा शर्ट काढून त्यांनी आपला रोजचा मिठाचा शर्ट घातला होता, कालचाच. त्याच्या कॉलरला लाल चिमटा होता.

ताईने तो पाहिला. मीही पाहिला.

"औषध चालू असताना निम्मं पाणी काढलंस तर किड्याचं फावेल," तात्या खाली येत म्हणाले. "हे तुला माहीत आहे. म्हणजे रोग नाही. सरक." त्यांनी वाकून माशाकडे बराच वेळ पाहिलं. मग बादलीतलं पाणी काचेच्या नळीत घेतलं, तपासायच्या औषधाचे थेंब टाकले, नळी दारातल्या उजेडात धरली. पाणी गर्द निळं झालं. एवढा निळा रंग मी त्या नळीत कधी पाहिला नव्हता. त्यांचा आवाज एकदम स्वच्छ होता, पूर्वीसारखा. "तांबं. दुपटीच्या आसपास. औषध घातलेल्या टाकीत पुन्हा औषध घातलंय कुणीतरी. काढ पाणी, काढ, थांबू नकोस!"

ताई काढत राहिली.

"कुणी घातलं?" दादाने विचारलं.

बादली भरून वाहू लागली.

"सांग ना, कुणी घातलं?"

"मी," ती मान वर न करता म्हणाली. "काल सकाळी घातलं होतं ते विसरले. घाईत होते. तू येणार म्हणून."

तात्यांनी नळी खाली ठेवली. "तू?" ते म्हणाले. "चिमटा होता ना काठाला?"

"होता."

"आणि तरी घातलंस?"

"हो, तात्या."

मी त्यांना रागावलेलं क्वचित पाहिलं होतं. गिऱ्हाइकावर ते खेकसत, पण त्यात गंमत असे. या वेळी तसं काहीच नव्हतं. ते अगदी हळू म्हणाले, "तुझा हात पहिल्यांदा पाण्यात घातला तेव्हा तुला टाकीच्या काठापर्यंत उचलावं लागलं होतं. आणि हे? ज्याला चिमटा दिसत नाही त्याने पाण्याजवळ उभं राहू नये. ठेव ती नळी. ठेव. बाई, तुम्ही धरा."

नळी मी धरली. ताई भिंतीला जाऊन टेकली. पाणी बदललं, पुन्हा बदललं. तात्या थोरल्याला तळहातावर पेलून पंपाच्या धारेसमोर धरून उभे राहिले, कल्ल्यांतून पाणी जात राहावं म्हणून. त्यांची पाठ दुखत असणार. दादाने स्टूल आणलं तर त्यांनी पायानेच सारलं. दुपार कलली तेव्हा ते म्हणाले, "गेला." बशी मागितली. कल्ला उघडून पाहिला आणि ताईला न बोलावता मला दाखवला. "हे बघा. कारण कळलंय. आता टाकायला हरकत नाही."

दादा निघाला तेव्हा मी त्याच्याबरोबर गल्लीच्या तोंडापर्यंत गेले. बॅग त्याच्या एकट्याचीच होती.

"बाई, मीही याच दुकानात वाढलोय," तो म्हणाला. "कॉलरचा चिमटा मला कळत नाही असं तिला वाटलं का?"

"मग बोलला का नाहीस?"

"काय बोलू? तिने एवढं अंगावर घेतल्यावर मी कुणाला उचलून नेऊ?" त्याने डोळे पुसले नाहीत, नुसते मिटून घेतले. "फक्त औषधांच्या कपाटाला कुलूप लावायला सांगा. आणि किल्ली तुमच्याकडे ठेवा. तिच्याकडे ठेवली तर ते मागतील आणि ती देईल."

कपाटाला कुलूप लागलं. तात्यांनी ते पाहिलं, ओढून पाहिलं, आणि माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "हे बरं केलंत, बाई. तिचा भरवसा राहिलेला नाही."

मला वाटलं होतं, दोन दिवसांत विसरतील. सगळंच विसरतात. थोरला गेला हे ते दुसऱ्या दिवशीच विसरले. काचेला बोट लावतात, वाट बघतात, आणि "दवाखान्यात आहे ना?" म्हणून स्वतःच समजूत घालतात. दादा येऊन गेलेला त्यांना आठवत नाही. पण ताईने दुसऱ्यांदा औषध घातलं, एवढं एक डोक्यात रुतून बसलं आहे. बाकी सगळं वाहून गेलं आणि हाच एक दगड राहिला. ती टाकीकडे गेली की ते उठून मध्ये उभे राहतात. "तू नको." कधी तिला ओळखत नाहीत, तरी म्हणतात, "तुम्ही नका, तुमच्याकडून मागे एक मासा गेलाय."

मी एकदा तिला म्हटलं, "सांगून टाक खरं. निदान एकदा."

"आणि ते म्हणतील, ज्याने घातलं त्याने पाण्याजवळ उभं राहू नये," ती म्हणाली. "मग ते कुठे उभे राहतील, बाई?"

मोठ्या टाकीचा उपास संपला तेव्हा पाहुण्यांच्या टाकीतून पहिला मासा तिच्यात सोडायचा होता. लहानसा, नारिंगी. तो मीच सोडला. मला माशांची भीती वाटते, हे गल्लीत सगळ्यांना ठाऊक आहे. तात्या माझ्या कोपराखाली हात देऊन सांगत होते, "भांडं कलवा. हळू. ओतायचं नाही, बाई, त्याला जाऊ द्यायचं. पाहुण्यांचं पाणी आत पडता कामा नये." ताई दाराशी उभी होती, दोन्ही हात पाठीमागे धरून. शाळेत शिक्षा झाली की ती अशीच उभी राहायची. मासा गेला, दगडाला एक फेरी मारून स्थिरावला.

"हात चांगला आहे तुमचा," तात्या म्हणाले. "रोज येत जा. हिला शिकवून काही उपयोग झाला नाही."

"हो, तात्या," ताईच म्हणाली.

मी रोज जाते. किल्ली माझ्या पर्समध्ये असते. जेवण झालं की तात्यांना वर झोपवून ताई खाली येते, बाह्या सारते आणि दिवसभराचं काम त्या तासाभरात उरकते. पाणी तपासते, काचा घासते, प्रवाळाला खाऊ घालते. औषध लागलं तर मी कुलूप काढते, ती घालते, आणि चिमटा मी लावते, कारण तो तिने लावलेला त्यांना चालत नाही. सगळं झालं की ती फरशी कोरडी करते, बादली होती तिथे, नळी होती तशी गुंडाळून ठेवते. वर पलंग करकरला की ती बाह्या खाली ओढते आणि दाराजवळच्या खुर्चीत, टाक्यांकडे पाठ करून, जाऊन बसते.